ऑपरेशन थिएटरचा तो राखाडी हिरवा रंग आला कुठून?

ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी पेशंटला घालायला देतात तो गाऊन, डॉक्टरांचे कपडे, टेबलावर अंथरलेल्या चादरी, बऱ्याच ठिकाणी भिंतीसुद्धा. सगळीकडे एकच हिरवा. पोपटी नव्हे, मेंदी नव्हे. पिस्ता म्हणावं तर त्यात चिमूटभर राख मिसळल्यासारखा. "हा रंग असा का?" असं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील, "मनाला शांत वाटतं म्हणून." हे उत्तर अगदीच चुकीचं नाही, पण ते नंतर चिकटवलेलं आहे. मूळ कारण वेगळं होतं आणि ते रक्ताच्या लाल रंगाशी जोडलेलं होतं.

आज हा विषय काढायचं कारण असं, की हीच छटा सध्या घराघरांत शिरली आहे. रंग कंपन्यांच्या कार्डावर तिला 'सेज ग्रीन' म्हणतात. सेज ही आपल्या तुळशीच्या कुळातली एक वनस्पती, तिच्या लवदार पानांचा रंग असा राखाडी हिरवा असतो. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस असलं की हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, त्यांच्या खोलीला हाच रंग देऊ ना? आणि त्याच्या जोडीला पडदे, चादरी कसल्या घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात सापडतं, म्हणून जरा मागे जाऊ या.

काळा कोट, मग पांढरा

अमेरिकन चित्रकार थॉमस इकिन्स यांची दोन प्रसिद्ध चित्रं आहेत. दोन्ही फिलाडेल्फियातली, दोन्ही चालू ऑपरेशनची. पहिलं 1875 सालचं. त्यात सर्जन सॅम्युएल ग्रॉस काळ्या कोटात उभे आहेत, हाताला रक्त लागलेलं आहे आणि आजूबाजूचे सगळे सहकारीही रोजच्याच काळ्या कपड्यांत आहेत. दुसरं 1889 सालचं. त्यात सर्जन हेज ॲग्न्यू आणि त्यांचे मदतनीस पांढऱ्या झग्यांत आहेत, चादरी पांढऱ्या आहेत आणि एक प्रशिक्षित नर्सही हजर आहे. मधली वर्षं फक्त चौदा.

या चौदा वर्षांत काय घडलं? जोसेफ लिस्टर यांनी 1867 मध्येच सांगितलं होतं, की जखमेत पू होतो तो जंतूंमुळे आणि कार्बोलिक ॲसिडने तो टाळता येतो. हे पटायला सर्जन मंडळींनी बराच वेळ घेतला. पण एकदा पटल्यावर स्वच्छतेचा रंग पांढरा ठरला. पांढऱ्यावर डाग लपत नाही, हे त्यातलं साधं शहाणपण. कपडे पांढरे, टाइल्स पांढऱ्या, भिंती पांढऱ्या, छत पांढरं.

मग विजेचे दिवे आले आणि पंचाईत झाली. इतक्या पांढऱ्या खोलीत प्रखर दिवा लावला की सगळीकडून प्रकाश डोळ्यांवर आदळतो. सर्जनला पाहायचं असतं जखमेच्या आत, जिथे अंधार आणि लालभडक ऊतकं असतात. क्षणभर नजर वर केली की पांढऱ्या लखलखाटाने बाहुली आक्रसते. पुन्हा खाली पाहिलं की काही क्षण नीट दिसत नाही. रक्तवाहिनी कोणती, पित्तनलिका कोणती, हे ज्या क्षणी ओळखायचं नेमका तोच क्षण वाया जातो. हा प्रश्न सर्जनच्या सोयीपुरता नव्हता. टेबलावरच्या माणसाच्या जिवाशी त्याची गाठ होती.

पालकाच्या पानाचा हिरवा

सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलमधले सर्जन हॅरी शर्मन यांनी यावर तोडगा काढला. 1914 साली त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वैद्यकीय मासिकात आपल्या हिरव्या ऑपरेशन थिएटरवर लेख लिहिला. त्यांची विचार करण्याची पद्धत मला फार आवडते. भिंतीला कोणता रंग शोभेल, तिथून त्यांनी सुरुवात केलीच नाही. मला पाहायचं काय आहे? रक्त, म्हणजे हिमोग्लोबिनचा लाल. मग त्या लालचा पूरक, म्हणजे रंगचक्रावर त्याच्या बरोबर समोरचा रंग कोणता? हिरवा. तोही पालकाच्या पानासारखा गडद. जमीन आणि भिंतीचा खालचा भाग त्यांनी या रंगाने मढवला. वरची भिंत आणि छत पांढरंच ठेवलं, म्हणजे खोलीत उजेड कमी पडू नये. सर्जनची नजर सहसा जिथे जाते तिथे हिरवा आणि जिथून प्रकाश परतायला हवा तिथे पांढरा, अशी ही रंगसंगती.

(आपल्या जुन्या सरकारी दवाखान्यांत कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि वर पांढरा चुना, ही वाटणी तुम्ही पाहिलेली असेल. ती शर्मन यांच्याकडून आली असं मी म्हणणार नाही. खालची भिंत हात आणि स्ट्रेचर लागून मळते, ती पुसता यावी हा त्यामागचा व्यवहार.)

आता पूरक रंगाचा हा काय प्रकार आहे ते समजून घेऊ. हा प्रयोग घरी जरूर करा. लालभडक कागदाचा तळहाताएवढा तुकडा पांढऱ्या भिंतीवर चिकटवा. चांगल्या उजेडात त्याच्या मधोमध तीस सेकंद टक लावून पाहा आणि मग नजर शेजारच्या कोऱ्या भिंतीवर न्या. तिथे निळसर हिरवा ठिपका तरंगताना दिसेल. तो भिंतीवर नाही, तुमच्या डोळ्यात आहे.

आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. लाल रंगाकडे बराच वेळ पाहिलं की त्या बाजूला जास्त प्रतिसाद देणाऱ्या पेशी थकतात, म्हणजे त्यांची संवेदना तात्पुरती मंदावते. मग पांढऱ्याकडे पाहताना बाकीच्या पेशींचं पारडं जड होतं आणि हिरवट रंग दिसतो. एकोणिसाव्या शतकात एव्हाल्ड हेरिंग या शास्त्रज्ञाने मांडलं, की लाल-हिरवा आणि निळा-पिवळा अशा विरोधी जोड्यांत आपला मेंदू रंग वाचतो. म्हणून लालसर हिरवा असा रंग आपल्याला कल्पनेतही दिसत नाही.

ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी एका कवीने टिपली होती. जर्मन कवी ग्योटे यांनी 1810 मध्ये रंगांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात ते सांगतात, की संध्याकाळच्या अंधुक उजेडात एका खानावळीत लालभडक चोळी घातलेली गोरीपान तरुणी त्यांच्यासमोर आली. त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं. ती निघून गेल्यावर समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांना तिचीच आकृती दिसली, पण चेहरा काळा आणि चोळी समुद्राच्या पाण्यासारखी हिरवी! पांढरी भिंत, लाल रंग आणि मागे उरलेला हिरवा. ऑपरेशन थिएटरमधल्या अडचणीचं वर्णन शंभर वर्षं आधीच होऊन गेलं होतं, फक्त तिथे सर्जन नव्हता.

तासभर रक्ताकडे पाहिलेल्या सर्जनने पांढऱ्या चादरीकडे पाहिलं की असेच हिरवे ठिपके त्याच्या नजरेपुढे नाचतात. चादरच हिरवी असेल तर ठिपका तिच्यात विरून जातो. शिवाय हिरव्याकडे पाहताना थकलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि पुन्हा जखमेकडे वळल्यावर लालमधले बारीक फरक स्पष्ट दिसतात. आणखी एक छोटा फायदा असा, की हिरव्या कापडावर रक्ताचा डाग लालभडक न दिसता काळपट तपकिरी दिसतो. निळसर चादरीही याच तत्त्वावर चालतात, कारण मागे उरणारा ठिपका निळा आणि हिरवा यांच्या मधलाच असतो.

मग गडद पालकाचा राखाडी कसा झाला?

इथे रंगांची थोडी परिभाषा लागेल. अमेरिकन चित्रकार आणि शिक्षक आल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये रंग मोजायची एक पद्धत मांडली. प्रत्येक रंगाच्या तीन बाजू: तो मुळात कोणता (लाल, हिरवा, निळा), तो किती उजळ आणि तो किती तीव्र. पालक आणि सेज यांचा मूळ रंग हिरवाच. पण सेज जास्त उजळ आहे आणि त्याची तीव्रता बरीच कमी. रंगारी ही तीव्रता कशी कमी करतात माहीत आहे? हिरव्यात राखाडी घालतात, किंवा चक्क थोडा लाल! समोरासमोरचे दोन रंग एकमेकांना मारतात आणि राखाडी झाक येते.

तीव्रता कमी करण्यामागे कारण होतं. गडद रंगाच्या भिंती प्रकाश गिळतात, खोली अंधारी होते. आणि तीव्र हिरव्या भिंतीवरून परतणारा प्रकाश हिरवट होऊन पेशंटच्या चेहऱ्यावर पडतो. सर्जनचं लक्ष जखमेत असतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरचं लक्ष ओठांवर, नखांवर, कानाच्या पाळीवर असतं. ऑक्सिजन कमी पडला की तिथे निळसर झाक येते. आज बोटाला लावतात तो पल्स ऑक्सिमीटर तेव्हा नव्हता. त्याचं मूळ तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलं, आणि तो सर्रास वापरात यायला पुढचं दशक उजाडलं. तोपर्यंत भूलतज्ज्ञाचे डोळे हाच ऑक्सिमीटर होता. म्हणून 1924 मध्येच न्यूयॉर्कच्या पॅल्युअल फ्लॅग या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरमधल्या रंगांच्या शास्त्रीय आधारावर लेख लिहिला, याचं मला मुळीच नवल वाटत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर दवाखान्यातल्या दिव्यांच्या प्रकाशात निळसर झाक कितपत ओळखू येते, याचं मोजमाप आजही ठरवून दिलेलं आहे.

लाल रंग खुलवण्याइतपत हिरवा, पण प्रकाश रंगवणार नाही इतका फिकट आणि राखाडी. दोन गरजांच्या ओढाताणीत जी तडजोड निघाली ती ही छटा.

थिएटरबाहेर

पुढे हा रंग थिएटरच्या दारातून बाहेर पडला. 1920 च्या सुमारास विल्यम लडलो या वास्तुविशारदाने वॉर्डातल्या पांढऱ्या रंगाविरुद्ध आवाज उठवला. उताणं झोपलेल्या माणसाला दिवसभर फक्त छत दिसतं, त्याला निसर्गातले रंग हवेत, मंद हिरवा, फिकट निळा आणि उन्हाचा पिवळा, असं त्याचं म्हणणं. मग फेबर बिरेन आले. रंगांचा सल्ला देणं हाच व्यवसाय करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांतले हे. त्यांच्या सुरुवातीच्या कामांतला एक किस्सा प्रसिद्ध आहे. शिकागोच्या एका मांसविक्रेत्याच्या पांढऱ्या दुकानात मांस निस्तेज दिसत होतं. बिरेन यांनी वेगवेगळ्या रंगांवर मांसाचे तुकडे ठेवून पाहिले आणि निळसर हिरवी पार्श्वभूमी सुचवली. मांस ताजं लाल दिसायला लागलं. शर्मनचंच तत्त्व, फक्त रक्त दुसऱ्या कोणाचं!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बिरेन यांनी ड्यूपाँट कंपनीबरोबर कारखान्यांसाठी सुरक्षेचे रंग ठरवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने 1944 मध्ये ते मान्य केले. आगीच्या साधनांना लाल, यंत्राच्या धोकादायक भागांना नारिंगी, ठेच लागेल तिथे पिवळा, प्रथमोपचाराला हिरवा. आणि या भडक खुणा उठून दिसाव्यात म्हणून भिंतींना फिकट, मंद हिरवा. नीट पाहिलं तर इथेही भिंतीचा हिरवा हा नायक नाही. तो मागे उभा राहणारा आहे, पुढे दुसरं काहीतरी दिसावं म्हणून.

युद्धानंतर शाळा, कचेऱ्या, तुरुंग, सगळीकडे हाच रंग फासला गेला. मूळ कारण मागे पडलं आणि "हिरवा शांत करतो" एवढंच उरलं. याच्या समर्थनार्थ हल्ली एका संशोधनाचा दाखला देतात. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं, की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडं लवकर घरी सोडलं गेलं आणि तीव्र वेदनाशामकं कमी लागली. पण हे पेशंट 46 च होते, आणि मुख्य म्हणजे ती झाडं होती, रंगाचा डबा नव्हे. झाड हलतं, त्यावर पक्षी बसतो, ऊन-सावली बदलते. हिरव्या डिस्टेंपरमुळे टाके लवकर भरतात असं कोणी सांगितलं तर सोडून द्या.

आता तुमच्या खोलीकडे

सेज ग्रीन आवडत असेल तर खुशाल लावा. फक्त शर्मन यांचा क्रम धरा: या खोलीत दिसायला काय हवं, हे आधी ठरवा आणि रंग त्याच्याभोवती जुळवा.

घरात बाळंतीण आणि बाळ असेल तर दिसायला हवी ती बाळाची त्वचा. नवजात बाळांपैकी अनेकांना पहिल्या आठवड्यात कावीळ होते. बहुतेकांची आपोआप ओसरते, पण काहींची इतकी वाढते की वेळेत उपचार न झाल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आपल्याकडे बाळंतिणीची खोली अंधारी ठेवायची पद्धत आहे. त्यात पिवळा बल्ब, पिवळं दुपटं, हिरवट भिंत आणि हिरवे पडदे जमले, तर पिवळेपणा ओळखणार कसा? पिवळ्या उजेडात कावीळ लपते. या खोलीत सेजच्या जोडीला पांढरा आणि साधा मोतिया रंग घ्या, बाळाच्या चादरी पांढऱ्या ठेवा. रोज एकदा बाळाला खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात आणून कपाळावर किंवा छातीवर बोटाने हलकं दाबून पाहा. बोट उचलल्यावर त्या जागी पिवळी छटा दिसते का? सावळ्या बाळाचे डोळ्यांचे पांढरे भाग, हिरड्या आणि तळपाय बघा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ पीत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

ॲनिमिया असलेल्या माणसाच्या बाबतीत मांसाच्या दुकानाचा किस्सा आठवा. हिरव्या पार्श्वभूमीवर त्वचा आहे त्यापेक्षा थोडी लालसर वाटते. "आज चेहऱ्यावर तेज आहे" हा निष्कर्ष भिंतीने काढून दिलेला असू शकतो. म्हणून आम्ही पेशंटची खालची पापणी ओढून आतला रंग बघतो, तोही शक्यतो दिवसाच्या उजेडात.

आजी-आजोबांच्या खोलीत गोष्ट पुन्हा वेगळी. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, मोतीबिंदूत तर अधिकच. त्यातून पाहिलं की फिकट हिरवा, फिकट निळा, राखाडी आणि पांढरा हे सगळे रंग एकमेकांत मिसळतात. तुमच्या डोळ्यांना मोहक वाटणारी सेज, मोतिया आणि करड्या रंगांची मंद संगती त्यांना एकसलग धुक्यासारखी दिसते. पायरी कुठे संपते, खुर्चीची कड कुठे आहे, दाराची मूठ कुठे आहे, कळत नाही. पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं यांच्यामागे असलेल्या कारणांत हेही एक आहे. इथे भिंत सेज ठेवली तरी तिच्यापुढच्या वस्तूंचा उजळपणा खूप वेगळा हवा: गडद शिसवी रंगाची खुर्ची, विटकरी चादर, पायरीच्या कडेला भडक पट्टी. घरातल्या कोणाला लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा असेल, आणि तो पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो, तर विटकरीसुद्धा पुरेसा नाही. त्याला लाल आणि हिरवा यांतला फरक रंगावरून कळणार नाही, उजळ-गडद यावरूनच कळेल. तपासायची युक्ती सोपी आहे. मोबाइलवर खोलीचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. त्यात ज्या वस्तू भिंतीत विरघळून गेल्या, त्या अंधुक नजरेलाही नीट दिसणार नाहीत.

बाथरूममध्ये ही तपासणी सगळ्यात आधी करा. फिकट हिरव्या टाइल्स, पांढरं कमोड, पांढरं बेसिन आणि चकचकीत स्टीलचा धरायचा दांडा, असं आजकाल नव्या फ्लॅटमध्ये सर्रास असतं. रात्री दोनला चष्मा न लावता उठलेल्या माणसाला यातलं काय दिसेल? कमोडची सीट गडद निळी किंवा गडद तपकिरी घ्या, दांड्याला गडद रंगाची खरखरीत टेप गुंडाळा आणि ओल्या जमिनीवर पाणी दिसेल असा दिवा लावा. टाइल्स फोडायची गरज नाही.